हार घातलेला रेडिओ
कोमेजलेल्या झेंडूचा वास आला की सोलापुरातली ती संध्याकाळ आठवते. वडील कामाला होते ती कापडगिरणी बंद पडली होती. गिरण्यांविषयी एक मोठे साहेब मुंबईहून बोलणार म्हणून आमच्या वाचनालयात रेडिओ आणला होता. पाहुण्याला हार घालायची रीत, म्हणून रेडिओलाच झेंडूचा हार घातला होता आणि रेडिओच्या उबेने तो कोमेजून वास सुटला होता. भाषण इंग्रजीत होते. मी नुकताच कॉलेजात गेलेलो, म्हणून अर्थ सांगत होतो. साहेब जगातल्या मंदीविषयी बोलत राहिले, सोलापूरचे नावही निघेना. तेव्हा माझे वडील उठून म्हणाले, "इचार की त्येस्नी, आमची गिरणी कवा उघडणार?" मी हळूच म्हणालो, "अण्णा, त्यांना हितलं ऐकू जात नाही." मागून कोणी म्हणाले, "इंग्रजी कच्चं दिसतंय पोराचं." अण्णांची मान खाली गेली. मग मी रेडिओसमोर उभा राहून इंग्रजीत तो प्रश्न विचारला. सगळे श्वास रोखून बसले. साहेबांनी भाषण संपवले आणि रेडिओवर वाद्ये वाजू लागली. घरी जाताना अण्णा म्हणाले, "ऐकलं असंल रं त्येंनी. सांगायचं नसंल." गिरणी उघडली नाही. अण्णांच्या कष्टावर मी पदवीधर झालो, आता सभांतूनही बोलतो. त्या दिवसानंतर मात्र अण्णांनी मला कुणाला काही विचारायला सांगितले नाही.