मयताच्या घराला कुलूप नाही

आमच्याकडे मयताच्या घराला कुलूप लावत नाहीत. अंत्ययात्रा निघाली की दार तसंच उघडं राहतं आणि शेजारचं कुणीतरी एक माणूस मागे थांबतं. त्याने जमीन धुऊन काढायची, चूल पेटवून पेज शिजत ठेवायची आणि माती देऊन मंडळी परत येईपर्यंत घर सांभाळायचं. माणूस गेल्या गेल्या दार बंद केलं तर त्याला घराबाहेर काढल्यासारखं होतं, असं जुनी माणसं सांगायची. लहानपणी मला ही रीत फार आवडायची. आता तिचं कुणी कौतुक करायला लागलं की माझं डोकं सणकतं, आणि ते का हे सांगायचं तर वडिलांच्या मरणापासून सुरुवात करावी लागेल.

ऐंशी साल जवळ आलं होतं. मी पापडीजवळच्याच एका शाळेत नुकती शिकवायला लागले होते. त्या काळात वसईत एक नवीनच भीती पसरली होती. राजोडीला एका घरातली माणसं चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला गेलेली असताना कपाट साफ झालं होतं. पुढे आणखी एका गावात, आई गेलेल्या मुलांच्या घरी तसंच झालं. चर्चची मयताची घंटा वाजली की आपण हातातलं काम टाकून क्रूसाची खूण करतो. चोर म्हणे ती घंटा ऐकूनच घराबाहेर पडतात. आज कुणाचं घर रिकामं आहे, हे त्यांना आयतंच कळतं. सगळ्यांचा संशय स्टेशनकडच्या नव्या बिल्डिंगींवर होता. तिथे कोण कुठून येऊन राहिलंय याचा कुणालाच पत्ता नव्हता, त्यामुळे संशय घ्यायला तिथले लोक बरे पडत.

हे सगळ्यात तावातावाने सांगायचा तो काका. काका म्हणजे वडिलांचा जिवलग मित्र. दोन घरं सोडून राहायचा. त्याची पानवेलींची वाडी आमच्या केळीच्या वाडीला लागून होती आणि विहिरीचं पाणी दोघांत होतं. माझा धर्मपिताही तोच. बाप्तिस्म्याच्या वेळी मला हातावर घेऊन उभा राहिलेला माणूस. शिवाय आमच्या आळीत कुणीही गेलं की पहिलं बोलावणं त्याला जायचं, कारण मयताला आंघोळ घालून कपडे चढवायचं काम त्याच्यासारखं कुणाला जमत नसे. ते झालं की मागे थांबून घर सांभाळायचं कामही बहुतेक त्याच्याकडेच यायचं. तो कधी नाही म्हणाला नाही. आम्हाला त्याचा अभिमान होता, अगदी मिरवण्याइतका.

वडील पावसाळा संपता संपता गेले. सकाळी वाडीत पाणी सोडायला गेले आणि बांधावरच बसले ते उठलेच नाहीत. काकाच त्यांना उचलून घेऊन आला. हमसून हमसून रडत होता. मग डोळे पुसून त्याने आईला विचारलं, "वैनी, कोट कुठं हाय?"

कोट म्हणजे लग्नातला काळा कोट. आमच्याकडे नवराबायको लग्नातला एक तरी कपडा जपून ठेवतात, तो शेवटच्या प्रवासाला लागतो. वडिलांचा कोट आतल्या खोलीत ट्रंकेत होता आणि त्याच ट्रंकेत, तळाशी, आईची सोन्याची पोत आणि बांगड्या होत्या. आईने त्या माझ्या लग्नासाठी ठेवल्या होत्या. पोत तर तिच्या आईची. ट्रंकेची किल्ली घरातल्या आल्तारावर, देवाच्या मोठ्या तसबिरीमागे खिळ्याला लटकवलेली असायची. आईने ती काकाच्या देखत काढली, काकाच्या देखत ट्रंक उघडली, कोट काढताना वरची लुगडी बाजूला करून खाटेवर ठेवली. फडक्यात बांधलेलं सोनं उघडं पडलं तसं पटकन लुगडी पुन्हा वर रचून झाकलं, कुलूप लावलं आणि किल्ली जागेवर ठेवली. खोलीत आम्ही तिघंच होतो. मला हे सगळं लख्ख आठवतं, कारण त्या वेळी माझ्या मनात एवढंच आलं होतं की बरं झालं, परकं कुणी नाही.

निघताना माझ्या भावाने हळूच म्हटलं, दिवस बरे नाहीत, दाराला कुलूप घालू या. आई त्याच्यावर अशी उसळली की जमलेल्या बायकांनी वळून पाहिलं. "बापूस आजून दारात हाय आनि तू कुलूप शोधतो? काका हाय ना घरात!"

आम्ही माती देऊन परत आलो तेव्हा जमीन धुतलेली होती, उंबऱ्यात मेणबत्ती जळत होती आणि चुलीवर पेज तयार होती. काकाने स्वतःच्या हाताने सगळ्यांना वाढली. मला म्हणाला, "खा, बाय. उपाशी राहून बापूस परत येनार नाय." मी खाल्ली. त्या पेजेची आठवण आली की अजून माझ्या तोंडाची चव जाते.

सोनं गेल्याचं आठवडाभराने कळलं. वडिलांची लुंगी कुणा गरिबाला द्यायची म्हणून आईने ट्रंक उघडली. कुलूप शाबूत, किल्ली खिळ्याला, लुगड्यांच्या घड्या नीट. तळाचं फडकं तेवढं नव्हतं. आई तिथेच जमिनीवर बसली. पोलीस आले, पंचनामा झाला, आणि काकाच त्यांना अंगणात उभा राहून सांगत होता की साहेब, हे बाहेरच्या लोकांचं काम आहे, मी मागे विहिरीवर पाणी आणायला गेलो तेवढ्यात डाव साधला असणार. दुसऱ्या दिवशी आळीतल्या पोरांनी एका भंगारवाल्याला अडवून त्याचं पोतं रस्त्यावर उलटं केलं. त्यातून निघाले फुटके पत्रे.

मला कळायला वेळ लागला नाही. बाहेरचा चोर किल्ली शोधत बसत नाही, आणि लुगड्यांच्या घड्या तर मुळीच घालत नाही. मी आईला तोंडावर सांगितलं आणि चपला घालून त्याच्याकडे निघाले. आईने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. "त्याचं नाव तोंडातून काढू नको. तुला हातावर घेऊन देवासमोर उभा राहिला तो."

"म्हणूनच तर विचारायचंय," मी म्हणाले.

"आनि तो नसला तर?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण तिला ते नको होतं. सोन्याचं तिने पुढे कधी फार काढलं नाही. माझं लग्न साध्या काळ्या पोतीवर झालं आणि मला त्याचं काही वाटलं नाही, खरंच. तिला मात्र एकच गोष्ट टोचत राहिली: तो असेल का, की तो नसेल? नवऱ्याला शेवटची आंघोळ घालणारे हातच ट्रंकेत गेले असतील, तर मग नवऱ्याच्या मैत्रीचं काय, इतक्या वर्षांच्या येण्याजाण्याचं काय, सगळंच खोटं होतं का? तो नाही असं तिला कुणीतरी सिद्ध करून द्यायला हवं होतं. ते कोण देणार? काका नाताळला आमच्याकडे येत राहिला, वडिलांच्या वर्षमिस्साला पहिल्या बाकावर बसला, आईच्या हातचा चहा पीत राहिला. मी त्याच्यासमोर जाणं सोडलं. माझं वागणं उद्धट आहे असं आळीत ठरलं, आणि काका मोठ्या मनाने म्हणायचा, "बाप गेल्यापासून पोर तुटक झालीय." हे ऐकून मला त्याचं मानगूट धरावंसं वाटायचं.

अशी काही वर्षं गेली आणि काकाची बायको गेली. मी माहेरी आलेलीच होते. घंटा वाजली तेव्हा आई माझ्या लेकीची वेणी घालत होती. ती तशीच अर्धी सोडून उठली. काकी तिची मैत्रीण होती. आईनेच तिला आंघोळ घातली, लग्नातलं लुगडं नेसवलं. काका अंगणात डोकं धरून बसला होता. फादर आले, क्रूस पुढे झाला, शवपेटी उचलायची वेळ आली आणि कुणीतरी विचारलं, मागे कोण राहणार? नेहमी राहणारा माणूस आज स्वतःच शोकात होता. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

आई म्हणाली, "मी राहते."

काकाने झटक्यात मान वर केली. "नको, वैनी. तू चल. तिला तुज्या हातची माती नको का?"

"माती द्यायला सगळा गाव हाय."

"मग दार ओढून घेऊ या. थोड्या वेळाचा तर प्रश्न हाय."

त्याच्या तोंडून हे वाक्य ऐकून दोन म्हाताऱ्या चपापल्याच. दार ओढून घेऊ या! आईने त्याच्याकडे वळून विचारलं, "मयताच्या घराला आपन कवा दार ओढलंय, भावजी?" एवढं बोलून ती आत जाऊन चुलीपाशी बसली. ती त्याला पेचात पकडायला बसली असं मला तेव्हा वाटलं, आणि मनातून मी खूश झाले. पण तसं नव्हतं. तो निश्चिंत मनाने बायकोला पोचवून यावा, म्हणजे आपला संशय धुऊन निघेल, एवढ्याच आशेने ती बसली होती. हे तिने मला पुढे सांगितलं.

मी शवपेटीच्या मागे चालत होते आणि माझी नजर त्याच्यावरून हलत नव्हती. पहिल्या वळणावर त्याने मागे पाहिलं. केळीच्या वाडीपाशी पुन्हा पाहिलं. मिस्सा चालू असताना तो घाम पुसत होता, आणि बाकीच्यांना वाटत होतं बिचारा खचलाय. मिस्सा संपून सगळे दफनभूमीकडे वळले तेव्हा तो गर्दीतून बाजूला झाला आणि मागच्या पायवाटेने चालू लागला. चालू लागला कसला, धावतच सुटला. मी त्याच्या मागे गेले.

घरात शिरले तेव्हा तो आतल्या खोलीत ट्रंकेपुढे गुडघ्यांवर बसला होता. झाकण उघडं होतं, कपडे बाहेर फेकले होते, आणि त्याचा हात खांद्यापर्यंत आत होता. तळाचं काहीतरी त्याने चाचपलं, घट्ट दाबून पाहिलं आणि दम सोडला. आई पेजेचा डाव हातात घेऊन दारात उभी होती. तिचा चेहरा मला बघवेना. इतकी वर्षं ज्या क्षणाची मी वाट पाहत होते तो हाच, पण मला आनंद झाला नाही.

त्याने वळून पाहिलं तेव्हा आई म्हणाली, "सगळं जागच्या जागी हाय ना, भावजी?"

त्याने घाईघाईने बाहेरचे कपडे आत कोंबले.

"मग आता जावा. तिकडं तुमच्या बायकोला माती द्यायची रायलीय."

तो उठला नाही. झाकण लावलं आणि त्या ट्रंकेवरच बसून राहिला, दोन्ही हात खाली टेकून. आईने डाव खाली ठेवला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बाहेर पडली. मी काही बोलायला गेले तर हातानेच नको म्हणाली. वाटभर ती रडत होती, वडील गेले तेव्हाही तिला असं रडताना मी पाहिलं नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा काकीची पेटी खाली सोडली होती आणि सगळे खोळंबले होते. पहिली मूठ नवऱ्याची, आणि नवरा दिसत नव्हता. आईने वाकून मूठभर माती घेतली आणि टाकली. मग आणखी एक मूठ घेतली, ती जरा वेळ हातात धरली आणि तीही टाकली.

फादरांनी हळूच विचारलं, "हिचा नवरा कुठे आहे?"

आई म्हणाली, "घरी हाय, फादर. घर सांभाळतोय."