चुकीच्या रविवारची ड्यूटी

त्या वर्षी माझ्याकडे तीन नोकऱ्या, तीन गणवेश आणि एकच कंबर होती. कंबर सोडून बाकी सगळ्याची मी यादी ठेवत असे.

लातूरच्या एका खाजगी रुग्णालयात पुरुषांच्या वॉर्डात सोमवार ते शनिवार सकाळची ड्यूटी. औशाच्या एका लहानशा प्रसूतिगृहात मंगळवार-शुक्रवारची संध्याकाळ आणि महिन्यातला पहिला-तिसरा रविवार. शिवाय दुसऱ्या-चौथ्या शनिवारी लातूरची ड्यूटी बदलून घेऊन नांदेडच्या एका नर्सिंग शाळेत मुलींची प्रात्यक्षिकं. लातूरची नोकरी तेवढी मी अर्ज करून मिळवली होती. औशाच्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, आठ दिवस सांभाळून घ्या. त्या आठ दिवसांना चार वर्षं झाली. नांदेडच्या प्राचार्यबाई म्हणाल्या होत्या, एकदाच या. मी पेशंटला लोणचं नाही म्हणू शकते, सलाईन चालू असताना बाहेर फिरायला नाही म्हणू शकते, पण कामाला नाही म्हणायचं कुणी शिकवलंच नव्हतं.

लातूरचा गणवेश पांढरा, औशाचा गुलाबी आणि नांदेडला आकाशी काठाची साडी. तिन्ही तीन खिळ्यांवर, प्रत्येक खिळ्याखाली वारांची चिठ्ठी. पाहुणे यायचे तेव्हा त्यांना वाटायचं, घरात तीन सिस्टर राहतात.

एका बुधवारी लातूरच्या मेट्रनबाईंनी मला बोलावलं. आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर निवृत्त होणार होत्या आणि त्यांची खुर्ची मला द्यायचं वर ठरलं होतं. अट एकच. बाहेरचं काम बंद.

"सोमवारी सकाळी मला उत्तर पाहिजे," त्या म्हणाल्या. "हो असेल तर ते औसा सोडा. नाही असेल तर इथलं सोडा. दोन दगडांवर पाय आता पुरे."

तिसरा दगड नांदेडला आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.

घरी येऊन मी वहीचं कोरं पान काढलं आणि रकाने आखले. वर नोकऱ्या, बाजूला मुद्दे: अंतर, पगार वेळेवर होतो का, बसायला खुर्ची, चहा, मान, जिने, कपाळदुखी. प्रत्येक मुद्द्याला दहा गुण. माझे यजमान शिक्षक आहेत. तक्ता दिसला की त्यांना राहवत नाही. त्यांनी लाल पेन आणलं आणि माझे गुण तपासायला बसले. नांदेडला मी अंतरासाठी शून्य दिलं होतं; शून्य देऊ नये, मुलं खचतात, असं म्हणत त्यांनी दोन केले. तरी नांदेड थोडक्यात नापास होत होतं, तेव्हा त्यांनी कृपागुण दिले.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या उदगीरकडच्या. त्या दारात बसून शेंगा सोलत होत्या. त्यांना विचारलं, तुमचे गुण सांगा. त्या म्हणाल्या, नोकरी काय परीक्षेला बसली हाय का, आणि शेंगांचं सूप उचलून आत गेल्या.

निकाल लागला. लातूर पहिलं, दणदणीत. नांदेड कृपागुणांवर पास. औसा शेवटचं. औशाला जिने होते, खुर्ची एकच आणि तिचा एक पाय आखूड, बस कधी भरलेली तर कधी आलेलीच नाही. इतका स्पष्ट निकाल पाहून मला बरं वाटलं. गुरुवारी मी दोन राजीनामे लिहिले, एक औशाचा, एक नांदेडचा, आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवले. यादीत दोन खुणा केल्या. शुक्रवारी औशाच्या डॉक्टरबाई शस्त्रक्रियेत होत्या, म्हणून पत्र राहिलं. शनिवारी नांदेडच्या प्राचार्यबाई कुठल्याशा कार्यक्रमाला गेल्या होत्या, म्हणून तेही राहिलं. तिथं मी मुलींना पेशंट आत असताना पलंगाची चादर कशी बदलावी ते शिकवत होते. पेशंट झालेली मुलगी खरोखर झोपली आणि चादर बदलून झाल्यावरही उठेना. मलाही तिच्या शेजारी आडवं व्हावंसं वाटलं. परतीच्या बसमध्ये लोह्यापासून अहमदपूरपर्यंत मी उभी होते.

दुसऱ्या दिवशीचा रविवार मोकळा होता. औसा नाही, नांदेड नाही, लातूर नाही. वहीत त्या तारखेपुढे मी एकच शब्द लिहिला होता, झोप. यजमानांना सांगून ठेवलं, मला उठवू नका, कुणी आलं तरी नाही. ते त्या रात्री बाहेरच्या खोलीत झोपले.

रोजचा गजर बंद करायचा मात्र राहिला. तो वाजला, मी उठले, आणि पुढचं सगळं हातापायांनी केलं. रविवार आहे एवढं डोक्यात होतं. रविवार म्हणजे गुलाबी. कुणाची झोप मोडू नये म्हणून मागच्या दाराने निघाले. बस वेळेवर मिळाली. तिथंच मला संशय यायला हवा होता.

आमच्या कामात एक पद्धत आहे. बदलीची सिस्टर आल्याशिवाय ड्यूटी सोडायची नाही, आणि ती आली की तिला सगळ्या पेशंटची माहिती द्यायची. याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. रात्रपाळी केलेली सिस्टर ओव्हर घेणारीचं तोंड बघत नाही. ती गणवेश बघते. मी आत पाऊल टाकलं तसं रात्रीच्या सिस्टरनं एका दमात सांगून टाकलं की एक सिझर दुसऱ्या दिवशीचं, दोन नॉर्मल, एक पहिलटकरीण दुखण्यात, तिचं सलाईन उतरत आलंय, किल्ल्या इथं, मी निघाले. ती जिन्यात पोचेपर्यंत माझी सहीसुद्धा झाली होती.

खरी ड्यूटी होती ती सिस्टर दहा मिनिटांनी आली. हे मला पुढं कळलं. तिनं दारातून माझा अंबाडा पाहिला, बाईंनी ड्यूटी बदलली असणार असं ठरवलं, काही न विचारता मागे फिरली आणि भाचीच्या बारशाला वेळेवर पोचली. आजही ती मला फार मानते.

सकाळ चांगली गेली. पहिलटकरीण जवळच्या खेड्यातली, वीस-एकवीस वर्षांची. तिनं माझं मनगट असं धरलं की घड्याळ रुतलं. मी तिला श्वास घ्यायला सांगत होते, ती मला गप्प बसायला सांगत होती. साडेअकराला मुलगी झाली. बाहेर तिच्या आईला सांगितलं तर तिनं आधी मला मिठी मारली आणि मग विचारलं, "तुमी जेवलात का?" मला आठवलं, मी चहासुद्धा घेतला नव्हता. राजीनामा सकाळपासून पर्समध्ये होता. तोही आठवला नाही.

दोन वाजता दुपारची सिस्टर आली. मी ओव्हर द्यायला तोंड उघडलं, तर ती भिंतीवरच्या ड्यूटीच्या तक्त्याकडं बघत राहिली. म्हणाली, "ताई, आज तुमचं नाव न्हाई हितं."

मी तक्ता पाहिला. मग पर्समधून वही काढली. झोप.

मी आखूड पायाच्या खुर्चीवर बसले. पहिली गोष्ट केली ती म्हणजे सकाळची सगळी रजिस्टरं उघडून प्रत्येक इंजेक्शन, प्रत्येक गोळी, प्रत्येक नाव पुन्हा ताडून पाहिलं. मग दुपारच्या सिस्टरला पाहायला लावलं. सगळं बरोबर होतं. आज वार चुकला. उद्या पलंग चुकला तर त्याला कृपागुण नाहीत.

फोन प्रसूतीच्या खोलीत नेत नाही म्हणून तो मुका करून पर्समध्ये होता. त्यावर यजमानांचे सतरा फोन.

घरी काय झालं ते मला संध्याकाळपर्यंत तीनदा ऐकावं लागलं, दर वेळी थोडं वाढवून. यजमानांनी सकाळी सातपासून माझ्या खोलीच्या बंद दारासमोर पहारा दिला होता. टीव्ही लावला नाही. कुकर लावू दिला नाही. गल्लीतली दोन माणसं इंजेक्शनला आली, त्यांना फाटकावरूनच परत पाठवलं. दारावर त्यांनी वळणदार अक्षरात कागद लावला होता, 'सिस्टर विश्रांती घेत आहेत. शांतता राखा.' अकरा वाजता आत्याबाईंना काळजी वाटायला लागली. इतकी झोप बरी न्हाई, नाडी बघ म्हणाल्या. यजमानांनी चपला काढल्या, अलगद दार उघडलं, अंधारात पांघरुणाखाली हात घातला आणि बराच वेळ गोधडीची नाडी शोधली.

"सापडली?" मी विचारलं.

"लागत नव्हती म्हणून तर घाबरलो," ते म्हणाले.

आम्ही हसत होतो, पण सोमवार सकाळ जवळ येत होती. मी वही काढून म्हटलं, ठरलंच आहे, लातूर. गुण समोर आहेत. बाकीचे दोन दगड सोडायचे, म्हणजे असं परत होणार नाही. यजमान मान डोलावत होते.

आत्याबाई आतून कुकरचा आवाज करत बोलल्या. इतका वेळ थांबवलेला कुकर त्यांनी एकदाचा लावला होता.

"लातूरच्या ड्यूटीवरून आलीस की चपला आपटतीस," त्या म्हणाल्या. "भाजीला मीठ जास्त पडतंय. औशाहून आलीस की हात धुवायच्या आधी सांगतीस, आज पोरगा झाला, आज पोरगी झाली. मला काय त्या पोरांचं? पण ऐकायला बरं वाटतंय. तुझ्या कागदात हे कुटं हाय?"

कागदात ते नव्हतं. यजमानांनी लाल पेन उचललं, एक नवा रकाना आखला आणि मथळा काय द्यावा ते न सुचल्यानं रिकामा ठेवला. मी त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं. औशाच्या डॉक्टरबाई वर्षभर म्हणत होत्या, पूर्ण वेळ या. मी त्यांना फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, आज तुम्ही कशाला आला होतात? मग म्हणाल्या, या. नांदेडच्या दोन शनिवारांना त्यांची हरकत नव्हती, आठवड्याची सुट्टी मात्र घरी झोपून काढायची असं त्यांनी बजावलं.

सोमवारी मेट्रनबाईंसमोर उभी राहिले. अकरा वर्षं झाली होती तिथं. मी म्हटलं, मॅडम, इन्चार्ज नको, मी इथलं सोडते. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, पुरुष वॉर्डला तुमच्याइतका आवाज असलेली दुसरी मिळायची नाही. हे त्यांचं कौतुक होतं. मग त्यांनी फॉर्म काढला. कारणाच्या रकान्यात मी खरं ते लिहिलं: औशाच्या कामात मन लागतं.

त्यांनी वाचून कागद परत सरकवला. "हे वर कुणाला कळणार नाही. घरगुती अडचण लिहा. सगळे तेच लिहितात."

मी घरगुती अडचण लिहिलं.

दुपारपर्यंत ते सगळ्या वॉर्डात पसरलं. सून नोकरी सोडते आणि कारण घरगुती म्हटल्यावर पुढं कुणी काही विचारत नाही, फक्त सासूचं वय विचारतं. महिनाभर मला कुणी ना कुणी खांद्यावर थोपटत होतं. आमच्या वॉर्डच्या मावशी, म्हणजे झाडू-पुसणं आणि बेडपॅन बघणाऱ्या, त्यांनी तर डोळ्यांना पदर लावला. मी सांगून पाहिलं, मावशी, तसं काही नाही. त्या म्हणाल्या, चांगल्या घरची माणसं असंच म्हणत्यात.

औशाला लागून आठवडा झाला असेल. आत्याबाई बाजारातून आल्या, पिशवी ओट्यावर ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता सांगायला लागल्या. भाजीवालीपाशी कुणी एक बाई भेटली, हाताला फिनेलचा वास येणारी. तिनं आधी विचारून घेतलं, तुम्ही त्या सिस्टरच्या सासूबाई ना. आणि मग मेथी निवडत निवडत चार माणसांत ऐकवलं की सुनेचं चांगलं चाललेलं बघवत नसलं तर माणसानं देवाचं नाव घेत बसावं.

"लई बोलत होती," आत्याबाई म्हणाल्या. "कोण बाई हाय ती?"

मी मेथीची जुडी सोडायला घेतली आणि म्हटलं, कुणास ठाऊक, माझ्या तरी ओळखीची नाही.