पाय भारी

ॲपच्या कामाला आलेली पुण्याची मुलगी ओट्यावर आली, चपला काढल्या आणि सतरंजीवर बसता बसता हसून म्हणाली, "मावशी, ताईंना आता कितवा महिना?"

तिच्या यादीत माझ्या लेकीचं नाव होतं. पोटातलं बाळ जाऊन महिना झाला होता, पण ते यादीत कोणी लिहिलं नव्हतं. मी पदर तोंडाशी धरला. लेक आत तांदूळ निवडत होती. तिनेच आतून सांगितलं, "बाळ नाही राहिलं. आठव्यात गेलं."

मुलगी उठायला लागली. माफी मागितली, कागद गोळा केले. लेक म्हणाली, "बसा ना. विचारा माझ्या आईला. मोबाईल तीच पाहायची."

मोबाईलमधलं ते ॲप गरोदर बायांसाठी होतं. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा अंगणवाडीत तिच्या फोनवर टाकून दिलेलं. रोज संध्याकाळी तीन प्रश्न यायचे. अंगावर रक्त गेलं का, बाळ हलतं का, पाय भारी वाटतात का. उत्तरात धोका दिसला तर नर्सबाईचा फोन येईल, असं तिथे सांगितलं होतं. लेक दहावी शिकलेली, मी चौथी. पण शेवटी शेवटी ती म्हणायची, "माय, मन्हं डोकं दुखस. अक्षरं दोन-दोन दिखतस. तू दाब." मग मी वाचून दाबायची.

मुलीने ते ॲप उघडून फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, "मावशी, आम्ही तुमची परीक्षा घेत नाही, ॲपची घेतोय. नवीन बनवायचंय ना. त्यामुळे तुमचं चुकलं असं काही नसतंच. फक्त दाबताना मनात येईल ते मोठ्याने बोला."

मनात येईल ते मी माझ्या नवऱ्यापुढेही कधी मोठ्याने बोललेली नाही. पहिले दोन प्रश्न मुक्यानेच दाबले. ती सारखी म्हणे, "काय विचार करताय, सांगा ना." तिसऱ्या प्रश्नावर माझं बोट आपोआप 'हो'वर गेलं.

"हो का दाबलंत?"

मी बोट मागे घेतलं.

"म्हणजे तेव्हा ताईंचे पाय सुजले होते?"

मी तिच्याकडे पाहत राहिले. सूज कुठे विचारली होती? आमच्याकडे बाईचे पाय भारी आहेत म्हणजे ती पोटुशी आहे. दुसरा अर्थच नाही. अंगणवाडीत हा प्रश्न पहिल्यांदा वाचला, तेव्हा शेजारीण पोटाला हात लावून हसली होती, "माय वं, पाय भारी शेतस हाई बठ्ठा गावले माहीत शे, आते मोबाईलले बी सांगनं पडस का?" साऱ्या गावाला माहीत असलेलं मोबाईललाही सांगायचं, म्हणून सगळ्या हसल्या आणि सगळ्यांनी 'हो' दाबलं. रोज दाबत राहिल्या.

हे मी तुटक तुटक सांगितलं. मुलीची पेन्सिल थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "मावशी, त्या प्रश्नाला सगळ्याच बायका रोज 'हो' म्हणायच्या. आमच्या लोकांना वाटलं, बटण कळत नाही. म्हणून तेवढ्या उत्तरावर जाणारा नर्सबाईचा फोन बंद केला होता. का दाबतात ते बघायलाच मी आलेय."

आतला सुपाचा आवाज थांबला.

मला वाटलं, इथेच उठून जावं. कारण पुढचं फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. लेकीच्या पायांना चप्पल होईना, तेव्हा ती म्हणाली होती, "दवाखानामा जाऊत ना माय." मी म्हणाले, आपण रोज सांगतोय ना मोबाईलला. काही जास्त असतं तर त्यांचा फोन आला नसता का? थांब. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी फोन उशाशी ठेवून वाट पाहिली. कोणी फोन केला नाही, याचा अर्थ सगळं बरं आहे असा मी लावला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला झटके आले. प्रकाशा गावाहून गाडी मिळवून शहाद्याच्या दवाखान्यात नेलं. लेक वाचली.

इतके दिवस आम्ही दोघी नर्सबाईला दोष देत होतो. ते बरं होतं.

मुलीने विचारलं, "मग हा प्रश्न कसा विचारू? तुमच्या शब्दांत सांगा."

लेक उंबऱ्यात आली. खाली बसली, परकर जरासा वर घेतला आणि घोट्याच्या वर नडगीवर अंगठा दाबला. "असं. दाबून सोडलं की खड्डा राहतो का, ते विचारा. दवाखान्यात असंच पाहिलं. भारी-हलकं विचारू नका."

मुलीने तिच्या पायाचं चित्र काढून घेतलं. जाताना माझ्या पाया पडायला वाकली, मी मागे सरकले.

ती गेल्यावर लेकीने पुन्हा सूप घेतलं. तांदूळ निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी दोन दिन दवाखानामा चाल चाल म्हनी ऱ्हायनी व्हती."

"हो," मी म्हटलं.

"तू मन्हं नही, मोबाईलनं ऐकं."

मी चुलीपाशी गेले, पाणी ठेवलं, उगीच भांडी हलवली.

रविवारी जावई न्यायला आले. पिशवी भरताना मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी पाचव्यातच ये, मी आधीपासून दवाखान्यात नेत जाईन. तिने साडीची घडी मोडून पुन्हा घातली.

"पुढला टाईमले मी आठे माहेरले येवाव नही, माय. सासरीच करसू."

लेकीचं पहिलं मूल माहेरीच जन्माला येतं, गावात कोणाचंही असो. लोक विचारतील. मी जावयांकडे पाहिलं, ते दारात उभे राहून फोन बघत होते.

मी "बरं" म्हटलं.