काळ्या प्लेटांवरची काळी राख

पाटल्या विकून मी स्लॅबवर सोलर बसवलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सोनं इकून काच आनली इनं." मला मात्र खात्री होती. बिल शून्यावर येईल, असं बसवणाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं ना!

कसलं शून्य न् कसलं काय. सबसिडी मिळाली, पण बिल थोडंसंच उतरलं. त्यात लाईट गेली की आमच्याही घरात अंधार, कारण बॅटरीवालं सोलर आम्हाला झेपणारं नव्हतं. शेजारीण विचारायची, "काऊन वो, तुमच्या घरी त सूर्य भाड्यानं राह्यते ना?" माझा नुसता तिळपापड व्हायचा. शेवटी यांनी आमच्या शेजारच्या गोरेगावातल्या एका हॉटेलवाल्याला सोलरच्या प्लेटा निम्म्या किमतीत द्यायचं कबूल करून टाकलं. मी कडाकडा भांडले, तेव्हा कुठे उन्हाळ्यापुरती मुदत मिळाली.

आमच्या घरामागे राईस मिल आहे. बॉयलरमध्ये धानाचा भुसा जाळतात आणि त्याची राख गल्लीभर उडते. पांढरं कापड बाहेर वाळत घालायची सोय नाही, म्हणून सगळ्या बाया त्या राखेला शिव्या घालतात. पण काळ्या प्लेटांवर काळी राख, खालून कोणाला दिसणार? एक दिवस पाण्याची टाकी बघायला वर गेले आणि तोल जाऊन प्लेटेवर हात टेकला. पंजा तव्याच्या बुडावर फिरवल्यासारखा काळाकुट्ट! "अगं बाई, ऊन आत जाईलच कसं!" म्हणून मी तिथेच ओरडले.

दुसऱ्या दिवसापासून ऊन चढायच्या आत बादली आणि फडकं घेऊन मी वर. हे खालून म्हणायचे, "कायले जीव काढून राहिली? जानारच आहेत त्या." मी पुसतच राहिले. सोलरच्या मशीनवरचा दिवसाच्या युनिटचा आकडा वर जाऊ लागला आणि माझ्या अंगात बळ आलं.

मे महिना आला. एरवी बिलाच्या धाकाने हे येता-जाता कूलर बंद करायचे आणि सासूबाई ओला पंचा अंगावर घेऊन तळमळत पडायच्या. यंदा मी कूलर दिवसभर चालू ठेवला, बटणाला हात लावायची कोणाची टाप नव्हती. तरी जूनमध्ये बिल आलं ते जेमतेम. यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, पण माघार कशी घेणार?

त्याच आठवड्यात मुदत सरली आणि हॉटेलवाला टेम्पो घेऊन दारात उभा राहिला. हे जिन्याकडे निघाले तर सासूबाई कूलरसमोरून उठल्या आणि पहिल्या पायरीवर जाऊन बसल्या.

"प्लेटा काढाच्या असन त पयले मले घराबाहीर काढ."

"अवो आई, मी जबान देऊन बसलो ना!"

"जबान तू देली, मीनं नाई. बहूनं कमावलेली चीज हाय थे."

हॉटेलवाला चहा पिऊन रिकामा टेम्पो घेऊन गेला. लग्नाला इतकी वर्षं झाली, कूलरच्या वाऱ्यापायी का होईना, सासूबाई माझ्या बाजूने बोलल्या त्या पहिल्यांदाच. मी आत जाऊन दार लोटलं आणि पोट दुखेपर्यंत हसले.