दादाच्या टाकीतल्या शिंपल्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही — देवापुढे हात जोडतो तेव्हाही मी गुपचूप विषय बदलतो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही समोर नाही म्हणून. तुमचा चेहरा मला बघावा लागणार नाही म्हणून. भित्रा माणूस कबूलही असाच करतो.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. जासईची जमीन सरकारी संपादनात गेल्यावर आम्ही खांदेश्वरला फ्लॅट घेतला होता — आई, दादा, वहिनी आणि मी. दादा बोटीवर इंजिनियर, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. हॉलमध्ये त्याने खाऱ्या पाण्याची मोठी टाकी लावली होती, आत जिवंत प्रवाळ. शेजारी सिंगापूरहून आणलेला कॅल्शियम रिअॅक्टर. नाव भारदस्त, पण वस्तू म्हणजे एक उभी, बंद नळी. तिच्यात मेलेल्या प्रवाळाचे पांढरे खडे भरायचे आणि सिलिंडरमधून एकेक बुडबुडा गॅस सोडायचा. त्याने आतलं पाणी आंबट होतं, खडे हळूहळू विरघळतात, ते पाणी टाकीत ठिबकतं आणि जिवंत प्रवाळ त्यातून आपली हाडं बांधतं.

निघताना दादाने खड्यांची पिशवी माझ्या हातात दिली. "हेच घाल. धुवून घाल. दुसरा काय पन घालू नको. समजला ना?"

समजलं होतं. अगदी नीट समजलं होतं.

मग गणपती आले. सोसायटीत घरगुती सजावटीची स्पर्धा होती आणि मी कैलास करायला घेतला होता. थर्माकोलचा डोंगर झाला, पण बर्फ? कापूस लावला तर तो कापूसच दिसायचा. आणि समोर ती पिशवी — शुभ्र, खरखरीत. मी ती सगळी ओतली. खाली गोंद, वर चमकी. लोक जिने चढून बघायला आले, पहिलं बक्षीस मिळालं, मी हवेत. विसर्जनानंतर बघतो तर सगळे खडे गोंदात आणि चमकीत लडबडलेले. टाकीत घालण्याजोगा एक नाही. नळीतले तर संपतच आले होते.

श्रावणापासून आमच्या घरात मासळी बंद असते, त्यामुळे गणपती गेले की सगळे तुटून पडतात. त्या आठवड्यात खाडीतल्या शिंपल्यांचं, तिसऱ्यांचं कालवण केलं होतं. ताटाताटाच्या कडेला शिंपल्यांचा ढीग. हेही कॅल्शियमच की, असं मला वाटलं — वाटलं, की ते सोयीचं होतं? त्या उकळायला हव्यात, उन्हात खडखडीत वाळवायला हव्यात, एवढी अक्कल मला होती. पण कंटाळा. वरवर विसळल्या. काहींना मांस चिकटलेलं होतं, ते दिसलंही. तशाच हातोडीने फोडल्या, नळी भरली, झाकण घट्ट लावलं.

झाकण घट्ट, म्हणून वास बाहेर आला नाही. आत सगळं कुजत गेलं आणि ते पाणी टाकीत ठिबकत राहिलं. आधी प्रवाळ आखडलं, मग त्याचं मांस गळून खाली नुसती हाडं उरली. मी नळी उघडली आणि नाक दाबलं. काळ्या पडलेल्या शिंपल्या खाडीत टाकून आलो. नळी घासून लखलखीत केली. खडे आधीच संपले, असं सांगायचं ठरवलं.

दादा आला. टाकीसमोर उकिडवा बसला. मग म्हणाला, "काय झाला रं?"

इथवरचं सगळं निष्काळजीपणात खपलं असतं. पण वहिनीने त्याच सुमारास ओट्याखाली झुरळांचं औषध फवारलं होतं — स्वयंपाकघरात, दार लावून. टाकीपर्यंत काही पोचलं नव्हतं. हे मला पक्कं माहीत होतं.

"वहिनीनं औषध मारलेलं," मी म्हणालो.

दादा नसताना वहिनी रोज त्या टाकीसमोर बसून चहा प्यायची. काच पुसायची, आतल्याशी काहीबाही बोलायची. तिने वाद घातला नाही. तिला ते लगेच पटलं — हेच मला आजही सहन होत नाही. "माज्याच हातानं गेला सगला," एवढंच म्हणाली. दादा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्या सुट्टीभर तो तिच्याशी कामापुरतं बोलला आणि परत बोटीवर गेला. आणि मी? त्याच्या शेजारी बसून जेवत होतो. तिच्याच हातचं, मागून मागून.

पुढे वहिनीने तुळसही आईच्या हवाली केली. आपला हात वाईट आहे, असं ती हसत सांगायची. आणि मी — हे लिहायलाही लाज वाटते — चारचौघांत तिची थट्टा करायचो. "वहिनीला कुंडी देऊ नका, गेलीच समजा." सगळे हसायचे. तीही हसायची.

माझी मुलगी झाली तेव्हा वहिनी दवाखान्यात आली आणि दारातच उभी राहिली. बायकोने बाळ पुढे केलं तर ती मागे सरली. माझ्याकडे बघत म्हणाली, "भावोजी, घेऊ का मी? साबन लावून हात धुतलेत, दोनदा."

दादा शेजारीच उभा होता. एक वाक्य पुरलं असतं. मी काय म्हणालो?

"घे की." वर मोठ्या मनाने परवानगी दिल्यासारखा हसलो.

तिने बाळ घेतलं. श्वास रोखून, अंगापासून जरा लांबच धरलं आणि लगेच माझ्याकडे परत दिलं. मी घेतलं. माझे हात मी धुतले नव्हते.