वडिलांच्या पोटातली जाळी

मी तहसील कार्यालयात कारकून आहे. समोर येणाऱ्या प्रत्येकाला "वाचून सही करा" असं दिवसभर सांगतो. आणि माझ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या संमतिपत्रावर मी न वाचता सही केली.

वडील लोणारात आणि आसपासच्या खेड्यांत भिक्षुकी करतात. जुन्या ऑपरेशनच्या जागी त्यांना हर्निया झाला. तो दाबून धरायला बसवलेली प्लास्टिकची जाळी पिकली, पू झाला. शहरातले सर्जन म्हणाले, आता वेगळी जाळी घालू, तिच्यात पेशंटच्याच पेशी वाढतात. त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरीणबाईंनी तीन पानं पुढे केली.

"जाळी कशापासून करतात ते दुसऱ्या पानावर आहे. वाचा, वडिलांना विचारा, मग सही करा."

"मॅडम, वाचायचं काय त्यात? तुमच्यावर भरोसा आहे."

"भरोसा ठेवा, पण वाचा."

आमच्याकडे डॉक्टरांसमोर कागद वाचत बसणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेणं. मी सही केली.

सहा महिन्यांनी तपासणीला गेलो. वडिलांना सोनोग्राफीला आत नेलं होतं. सर्जन शिकाऊ डॉक्टरांना सांगत होते, मी शेजारीच उभा होतो. "डुकराची कातडी. तिच्यातल्या पेशी धुऊन काढतात, नुसता सांगाडा उरतो. आता यांच्या स्वतःच्या पेशींनी तो भरून काढलाय. सुरेख बसली आहे."

मी भिंतीला टेकलो. माझे वडील कॅप्सूल गिळत नाहीत. तिचं आवरण जनावरांच्या हाडांपासून करतात असं कुणीतरी त्यांना सांगितलं, तेव्हापासून ते आतली पूड मधातून घेतात. ती कॅप्सूल फोडून द्यायचं काम माझं. त्या माणसाच्या पोटात मी हे घालू दिलं होतं.

ते बाहेर आले, सदऱ्याची बटणं लावत. "काय म्हणे डॉक्टर?"

"उत्तम आहे म्हणाले."

चार महिने मी एवढंच बोललो. त्या चार महिन्यांत त्यांनी सत्यनारायण सांगितले, एक मुंज लावली, वास्तुशांती केल्या. मीच गाडीवर सोडायला जायचो. लोक त्यांच्या पाया पडायचे, तेव्हा मी चपला शोधायच्या निमित्तानं बाहेर निघून जायचो.

मग एका दुपारी जेवताना ते म्हणाले, "त्या सर्जनले एकदा घरी बोलाव. त्याच्या नावानं सत्यनारायण घालू. पोट पाह्य कसं दगडासारखं झालं."

मी हातातला घास ताटात ठेवला. मी सांगून टाकलं.

त्यांचा हात पोटावर गेला आणि चटका बसावा तसा मागे आला. "डुकराची?"

"हो."

"तुले कधीपासून मालूम?"

"चार महिने झाले."

त्यांनी हात धुतला, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि दुसऱ्या दिवशीच्या यजमानाला फोन लावला.

"एक सांगायचं होतं. माह्या पोटात डुकराच्या कातडीची जाळी बसवेल आहे. मले आत्ता समजलं. घरात विचारून घ्या. चालत असन त येतो, नाही त दुसरे गुरुजी पाहा. मले राग नाही."

"गुरुजी, मस्करी करून राह्यले काय?"

"नाही."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो कुणीतरी बंद केला. "विचारून सांगतो," यजमान म्हणाला.

वडिलांनी कॅलेंडरची मागची पानं उलटली. चार महिन्यांतल्या पूजा त्यावर त्यांच्याच अक्षरात होत्या. पहिल्या नावावर बोट ठेवून त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"हे तू सांग. तिथं गेलो तवा मले मालूम नव्हतं, तुले होतं."

मी नंबर लावला. यजमानीणबाईंनी उचलला. "बोला दादा, गुरुजी बरे आहेत ना?"

मी हो म्हणालो. पुढचं वाक्य काही केल्या येईना. वडील समोर बसून माझ्याकडे पाहत होते. त्यांनी फोन परत मागितला नाही.