थोरल्या दिरांना न दिलेली मोटार

मोटार आली त्या दिवशी मालकांनी मला तिच्यात बसवून नारायणगावातून एक चक्कर मारून आणली आणि परत येताना वारूळवाडीच्या वेशीत मी सगळ्यांदेखत ओकले. मालक म्हणजे माझे यजमान. आमच्यात नवऱ्याला मालकच म्हणायचे. ते खाली उतरले, माझ्याकडं पाहिलंही नाही. आधी गादीला काही लागलं का ते बघितलं. त्या दिवसापासून त्या मोटारीवर माझा राग बसला तो बसलाच.

ही जर्मनीशी पहिली लढाई जुंपायच्या आधीची गोष्ट. पुण्याच्या छावणीतला एक इंजिनेर साहेब कायमचा विलायतेला निघाला होता. त्याची वापरलेली मोटार मालकांनी घेतली. फार मोठी नव्हती, फार लहानही नव्हती, पण थाट संस्थानिकाचा. मागं बसायला बंद पेटी, तिला काचेच्या खिडक्या, आत तपकिरी चामड्याच्या गाद्या. पुढं हाकणाऱ्याची जागा मात्र उघडी, डोक्यावर नुसतं छप्पर. पितळेचे दोन दिवे, त्यांत कार्बाइड घालायचं, आणि पेटवले की अंगणभर सडक्या लसणासारखा वास. तिच्यासाठी गोठ्यातल्या दोन म्हशी बाहेर छपराखाली गेल्या. गावात लोकांना वाटायचं, बाईचं नशीब काय! माझं नशीब असं की जेवणाचं ताट निवून जायचं आणि मालक मोटारीखाली उताणे पडलेले असायचे.

आणि मला तिथं उभं करायचे. हे धर, ते दे, आता वर बसून ब्रेकचा दांडा ओढ, आता सोड. मी तोंड वाकडं करून उभी राहायची. पण उभी राहून राहून कान आणि डोळे काय बंद ठेवता येतात? उन्हाळ्यात चाकांचे लाकडी आरे आकसून कुरकुरायला लागले की ओली पोती गुंडाळायची. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणारी एक चामड्याची चकती होती, तिला क्लच म्हणायचे. ती सुकली की एरंडेल पाजायचं, एरंडेल जास्त होऊन घसरायला लागली की मुलतानी माती टाकायची. हे सगळं मला नको असताना येत गेलं.

मोटारीबरोबर साहेबाचा ड्रायव्हरही आमच्याकडं आला. मूळचा जुन्नरचा मुसलमान, पन्नाशीचा. घरात पूर्वापार कागद बनवायचा धंदा, तो बसला तसा हा पुण्याला जाऊन मोटार हाकायला शिकलेला. मी त्याला चाचा म्हणायची. माणूस तिरसट. साहेबाच्या गोष्टी सांगायला लागला की थांबायचा नाही, आणि त्यातल्या निम्म्या खोट्या. मालकांशिवाय त्या घरात कुणाला तो मोजत नव्हता. मला तर नाहीच.

मग एका पावसाळ्यात मालक तापानं गेले. आम्हाला मूलबाळ नव्हतं. भावाभावांची वाटणी आधीच झालेली. बोरी बुद्रुकची जमीन आणि घर थोरल्या दिरांकडं, वारूळवाडीची आमच्याकडं. मोटार वाटणीनंतरची, मालकांच्या स्वतःच्या कमाईची. थोरल्या दिरांना हे पक्कं ठाऊक होतं.

तेराव्याचं जेवण उरकलं. मी माजघरात भिंतीला टेकून बसलेली. थोरले दीर ओसरीवर पान लावत होते. ते माझ्याशी सरळ कधी बोलायचे नाहीत, मध्ये कुणीतरी लागायचं. त्या दिवशी त्यांनी आपल्या बायकोला, म्हणजे माझ्या जाऊबाईंना हाक मारली.

"धाकटीला सांगा, मोटार मी उद्या नेतोय. बाईमाणसाला ती काय करायची? हितं गंजून जाईल."

जाऊबाई आत आल्या. त्यांनी काही सांगायच्या आधीच मी ओसरीवर ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले, "मोटार जायची नाही."

थोरल्या दिरांचा पानाचा हात थांबला असेल. मी बघितलं नाही. ओसरीवरून आवाज आला, "काय म्हणती?"

"गंजली तर माझ्या गोठ्यात गंजंल," मी म्हणाले.

खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणीही मागितली असती तर मी त्याला ती फुकट दिली असती, वर नारळ दिला असता. पण ह्या माणसानं भावाच्या आजारपणात एकदाही वारूळवाडीत पाऊल टाकलं नव्हतं. प्रेत उठायच्या वेळी आला आणि आल्या आल्या गोठ्यात जाऊन मोटारीच्या बॉनेटवरून हात फिरवून आला. मी ते खिडकीतून बघितलं होतं.

तेव्हापासून मोटार नीट ठेवणं मला भाग पडलं. ती बंद पडली, तिची चाकं बसली, की ते बोरीहून येऊन सगळ्या गावात सांगणार, बघा, मी म्हणालो नव्हतो? पुढच्याच आठवड्यात मी चाचाला गोठ्याच्या दारात बोलावलं. तो माझ्याकडं पाठ करून, चौकटीकडं तोंड करून उभा राहिला.

"मोटार चालू राहिली पाहिजे," मी म्हणाले.

"कशापायी? तुमी तर बसत न्हाई हिच्यात."

"बसंन."

"उलटी कराल."

"केली तर धुवायची. तुम्हांला पगार कशाचा मिळतो?"

तो जागचा हलला नाही. मग म्हणाला, "बाई, ही गाडी साहेबानं सांभाळली, मालकांनी सांभाळली. तुमाला तिचं काय बी कळत न्हाई."

"क्लच घसरतोय तिचा," मी म्हणाले. "परवा तुम्ही बाहेर काढली तेव्हा आवाज चढत होता आणि गाडी जागची हलत नव्हती. मुलतानी माती फडताळात आहे."

चाचाचं तोंड मला दिसत नव्हतं. माती मात्र तो घेऊन गेला. जाताना पुटपुटत होता.

असं आमचं चालू झालं. एकमेकांचं तोंड न बघता, एकमेकांवर खेकसत. उंदरांनी गादी पोखरली, आतला घोड्याच्या केसांचा भुगा गोठाभर. चाचा म्हणाला मांजर मी पाळत नाही ते माझं चुकलं, मी म्हणाले पोती तो गाडीत ठेवतो ते त्याचं. ट्यूब फाटली की ठिगळावर ठिगळ. पेट्रोलचे डबे पुण्याहून बैलगाडीतून यायचे आणि येता येता निम्मे पाझरलेले असायचे. महिन्यातून दोनदा मी मंचरच्या बाजाराला कांद्याचा भाव काढायला तिच्यातून जायची. दर वेळी पोट ढवळायचं. पदराला लिंबू बांधायची, दात आवळून बसायची. पण जायची. रस्त्यावर बाया थांबून बघायच्या. रांडमुंड बाई काचेच्या पेटीत बसून निघालीय म्हणून कोण काय बोलतं ते मला ऐकू यायचं, काचा काही एवढ्या जाड नव्हत्या.

थोरल्या दिरांनी माणसं पाठवली, निरोप पाठवले. चाचाला बोरीला बोलावून जास्त पगाराची लालूच दाखवली. तो परत आला. मी कारण विचारलं नाही. त्यानंच चौकटीला सांगितलं, "त्येनला गाडी पायजे, ती वरातीत मिरवायला. मिरवायला बैलगाडी बरी."

शेवटी एका शुक्रवारी, चाचा जुन्नरला नमाजाला गेलेला असताना, थोरले दीर स्वतः आले. बरोबर दोन जोड्या बैल, सोल म्हणजे जाड दोरखंड, आणि चार गडी. मी मळ्यात होते. शेजारीण पळत आली, "अवो, तुमची मोटार चालली!" मी अनवाणीच निघाले. आले तर मोटार गोठ्यातून बाहेर, पुढं बैल जुंपलेले. सुकाणाचं चाक धरायला एक गडी वर चढत होता. मी त्याच्या दंडाला धरून त्याला खाली ओढलं आणि त्याच्या जागी मी बसले. डोक्यावरचा पदर तेवढा सारखा केला.

थोरले दीर समोर उभे. पहिल्यांदाच आमची नजरानजर झाली.

"खाली उतर," ते म्हणाले. मध्ये कुणी नाही, सरळ मला.

"ही माझी मोटार आहे."

"माझ्या भावाची व्हती."

"भाऊ आजारी होता तेव्हा कुठं होता तुम्ही?"

अख्खं गाव गोळा झालं होतं. त्यांना आता माघार घेता येईना. त्यांनी गड्यांना ओरडून सांगितलं, "हाणा रं बैल! बसू दे तिला. बोरीला जाऊन उतरंल."

गड्यांनी बैल हाकले आणि मोटार निघाली. थोरला दीर धाकट्या भावाच्या विधवेला बैलांनी ओढत नेतोय आणि ती सुकाणाला धरून बसलीय. लोक आधी हसले, मग वाट सोडून मागं सरले. कुणी पुढं आलं नाही. पाटलाच्या ओसरीवर चार शहाणी माणसं बसली होती, ती उठून आत गेली. त्यांची तोंडं मी आजही विसरलेले नाही.

वेशीपुढं मीना नदीकडं उतार लागतो. बैलगाडीला तिथं काही होत नाही, कारण जू मानेवर असतं आणि बैल अंगानं गाडी तोलतात. पण मोटार नुसत्या सोलानं बांधलेली. उताराला लागल्याबरोबर सोल सैल पडला आणि मोटार आपल्या वजनानं बैलांमागं धावायला लागली. मागच्या जोडीतला पांढरा बैल दचकला, त्याचा पाय सोलात अडकला आणि तो गुडघ्यावर आला. मोटारीचं तोंड त्याच्या पाठीवर जाणार. गडी ओरडले, "ओ बाई! बाई!" थोरले दीर बैलांच्या बाजूला तसेच उभे, तोंड उघडं.

माझ्या उजव्या हाताला तो दांडा होता. किती वेळा मी तो चरफडत ओढला होता आणि सोडला होता. मी दोन्ही हातांनी धरून सगळं अंग मागं टाकलं. मागची चाकं करकचून थांबली, गाडी वाकडी झाली, धुळीत थोडी घसरली आणि उभी राहिली. बैलाच्या शेपटीचा गोंडा बॉनेटला लागत होता.

बैल धापा टाकत होते. पहिला आवाज आला तो थोरल्या दिरांचा.

"बैलं मारायला निघालती ही!"

तेव्हा ज्या गड्याला मी खाली ओढलं होतं तोच पुढं आला. त्यानं सोल सोडला, बैलाचा पाय मोकळा केला, गुडघा चोळला. बाकीच्यांनी जू उतरवलं. थोरले दीर म्हणाले, "जुपा परत." तो गडी म्हणाला, "न्हाई जुपत. तुमीच वढा." आणि चौघंही बैल घेऊन नदीकडं पाणी पाजायला गेले.

थोरले दीर उन्हात एकटे उभे राहिले. मी दांडा सोडला नव्हता. ते गेल्यावर, ते वळणाआड दिसेनासे झाल्यावर मी दांडा खाचेत अडकवला, उतरले आणि कुंपणाच्या निवडुंगाशी जाऊन ओकले.

दिवस मावळायच्या आत चाचा आला. गावकऱ्यांनी त्याला वाटेतच सगळं सांगितलेलं. मला वाटलं, दोन शब्द बरे बोलेल. तो आधी मागच्या चाकाशी बसला, हात आत घालून बघितलं आणि म्हणाला, "ब्रेकचं अस्तर जाळून टाकलं."

"मग नवं घाला," मी म्हणाले.

त्यानंतर दोन वर्षं बोरीचा आणि माझा संबंध तुटला. मग एका सकाळी जाऊबाई बैलगाडीनं आल्या, एकट्याच. थोरल्या दिरांच्या पोटात भयंकर दुखत होतं, वैद्यानं हात टेकले होते, पुण्याच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं होतं. बैलगाडीनं ते पोचणार नव्हते. जाऊबाई माझ्या पाया पडायला वाकल्या. मी त्यांना धरलं. बोरीला मी गेलेच नसते, पण त्या बाईनं माझं काही वाईट केलं नव्हतं, आणि त्यांचे पाय वाटेच्या धुळीनं भरलेले होते.

मी चाचाबरोबर गेले, मोटार त्याच्या एकट्याच्या हवाली करायची माझी तयारी नव्हती. थोरल्या दिरांना मागच्या गादीवर आडवं केलं, जाऊबाई त्यांच्या उशाशी, मी पुढं. खेडच्या अलीकडं ट्यूब फुटली. चाचा ठिगळ लावत होता, मी पंप मारत होते. आतून कण्हत आवाज आला, "कसलं डबडं घेतलं भावानं!"

मी मागचं दार उघडलं. "उतरा मग," म्हणाले. "बैल बघू का?"

ते उतरले नाहीत. जाऊबाईंनी तोंडात पदर कोंबला, रडू दाबत होत्या की हसू ते मला कळलं नाही.

पुण्यात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ते वाचले. परत बोरीला गेल्यावर सगळ्यांना सांगत फिरले की दुखण्यानं नाही, मोटारीच्या गचक्यांनी मरायची वेळ आली होती. माझं नाव काढलं नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. त्यांनी गोड बोलायला सुरुवात केली असती तर मी जास्त धास्तावले असते.

लढाई सुरू झाली तसं पेट्रोल मिळेनासं झालं. टायर तर नाहीच. मंचरचा एक बटाट्याचा व्यापारी मोटार बघायला आला. त्यानं बॉनेटभोवती चक्कर मारली, गाद्या दाबून बघितल्या. मी त्याला सांगायला सुरुवात केली. क्लच दर पंधरवड्याला बघावा लागतो. डावीकडचा दिवा वाऱ्यानं विझतो. उन्हाळ्यात चाकं भिजवली नाहीत तर आरे निघतील. चढाला पाणी उकळतं. घोड्याचे केस गादीत आता निम्मेच आहेत.

तो व्यापारी माझ्याकडं बघतच राहिला. "बाई, तुमाला इकायची हाय का न्हाई?"

"विकायची आहे," मी म्हणाले. "पण उद्या येऊन माझ्या दारात रडायचं नाही."

चाचा मोटारीबरोबरच मंचरला गेला. निघताना त्यानं नव्या मालकाला सुकाणाला हात लावू दिला नाही, मागच्या पेटीत बसवलं, आणि मला रामराम केला की नाही ते इंजिनाच्या आवाजात कळलं नाही.